मिठाचा बर्फ

माणूस समोर आला की लोक चेहरा बघतात, मी कोपराची आतली बाजू बघतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. परवा पुतणीच्या निकाहात नवऱ्या मुलाशी हात मिळवला आणि तोंडून निघून गेलं, "काय सुरेख शीर आहे." बायकोनं असं बघितलं की मी गुपचूप बिर्याणीकडे वळलो.

चौतीस वर्षं मी यवतमाळात लोकांचं रक्त काढलं आणि तपासलं. संपादकांनी 'नोकरीतले अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यात लिहिण्यासारखं काय आहे? सुई घालायची, रक्त काढायचं, नाव लिहायचं, पुढचा. पण आठवायला बसलो तर एकेक माणूस बाकावर येऊन बसायला लागला.

फुलसावंगीकडचा एक शेतकरी आठवतो. अंगानं पहिलवान, मिशा अशा की बघणाऱ्यानं दबकून राहावं. मी सुई काढायच्या आधी त्यानं आमच्या दवाखान्याच्या कापसाचा बोळा उचलला, बोटांनी ताणून धागा बघितला आणि नाक मुरडलं. "हा कापूस कोणी देल्ला जी तुमाले? याचा धागा तं काईच नाई." पुढच्या वेळी स्वतःच्या शेतातला पिशवीभर कापूस घेऊन आला. तो निर्जंतुक नाही, हे त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. मग सुई टोचली आणि हा गडी बाकावरून खाली. सोबत आलेल्या त्याच्या बायकोनंच उचलून बसवला आणि म्हणाली, "घरी साप मारते हा."

कळंबचे एक किराणा दुकानदार होते. ते चतुर्थीला चिंतामणीचं दर्शन घेऊन, उपाशीपोटी, थेट माझ्याकडे येत. रक्त डाव्या हातातूनच द्यायचं आणि माझ्याकडूनच. मी रजेवर असलो तर परत जात. एकदा म्हणाले, "युनूसभाऊ, तुमच्या हातची सुई लागतच नाही." हे वाक्य मी घरी पाचपन्नास वेळा सांगितलं असेल.

माझे अब्बा मोटार मेकॅनिक होते. टाकीत तेल ओतण्याआधी ते थोडं काचेच्या बाटलीत घेत, उन्हाकडे धरत आणि बराच वेळ बघत. पाणी असेल तर खाली वेगळं दिसायचं. "साफ दिखे तोच डालने का," एवढंच म्हणायचे. मी मेकॅनिक झालो नाही याचं त्यांना वाईट वाटलं. पण एकदा ते प्रयोगशाळेत आले, मी रक्ताची ट्यूब यंत्रात फिरवून वर आलेलं पिवळं पाणी खिडकीकडे धरून बघत होतो, तेव्हा माझ्याकडे बघत राहिले. घरी जाऊन अम्मीला म्हणाले, "अपनाच काम करता है वो."

त्या पिवळ्या पाण्याला प्लाझ्मा म्हणतात. रक्त नीट काढलं, नीट सांभाळलं, तर ते तिळाच्या तेलासारखं दिसतं. घाई केली, सुई बारीक घेतली, ट्यूब जोरानं हलवली, गोठू दिली, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्या पाण्यात गुलाबी रंग उतरतो. नियमानं असं रक्त फेकायचं आणि माणसाला पुन्हा बोलवायचं. पण पुन्हा बोलवायचं म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्यालाच कळेल. झरी जामणीच्या जंगलातून पहाटे निघालेली बाई दोन गाड्या बदलून दुपारी पोचलेली असते. तिला 'उद्या या' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आमच्या खात्यात एक शब्द रुळला होता: चालते. किंचित गुलाबी आहे? साखर बघायचीय ना, चालते. हा शब्द आळसातून आलेला नव्हता, दयेतून आला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण दयेची सवय लागली की ती कुठं थांबवायची ते कळत नाही. माझं तसंच झालं.

निवृत्तीनंतर घरात बसून मी बायकोचे मसाल्याचे डबे नावं लावून ओळीनं मांडायला लागलो, तेव्हा तिनंच म्हटलं, कुठंतरी कामाला जा. त्याच सुमारास मृणाल भेटली. पुण्याची पोरगी, नागपुरात पीएच.डी. करत होती. तिला हृदय कमजोर झालेल्या माणसांचं रक्त हवं होतं, तेही खेड्यापाड्यांतलं, कारण शहरातल्यांचं पुष्कळांनी तपासलेलं असतं. तिला असा माणूस हवा होता ज्याला शीर सापडते, रस्ते ठाऊक आहेत आणि जुनी जीप चालवता येते. तिन्ही गोष्टी माझ्यात होत्या.

तिचा विषय मला समजायला महिना लागला. तो मी जसा समजलो तसा सांगतो. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. ठोक्याच्या वेळी कोठीचं दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळतो. मग ते परत कोठीत ओढून न्यावं लागतं, तेव्हाच स्नायू सैल होतो. ओढून नेणारे पंप त्या पेशीतच असतात. कमजोर हृदयात हे पंप कमी पडतात. कॅल्शियम बाहेर रेंगाळतं, स्नायू नीट सैल होत नाही, आणि कोठी अर्धी रिकामी राहिल्यामुळे पुढचा ठोकाही मवाळ पडतो. आता पंप कमी का पडतात? त्याचं एक कारण मायक्रोआरएनए. पंप बनवण्याचा हुकूम पेशीच्या मुख्य कचेरीतून निघतो, आणि ही इवलीशी चिठ्ठी त्या हुकुमावर जाऊन चिकटते. हुकूम तसाच पडून राहतो. अशा चिठ्ठ्या सगळ्यांच्याच शरीरात असतात आणि त्या लागतातही, पण आजारी हृदयात त्यांतल्या काही वाढतात आणि काही कमी होतात. थोड्या रक्तातही येतात. औषधं घेताना रक्तातला तो आकडा बदलतो का, त्यावरून हृदयाचं काही कळतं का, हे मृणालला बघायचं होतं. त्यासाठी एका माणसाचं रक्त दर तीन महिन्यांनी, असं चार वेळा घ्यायचं होतं.

तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, तांबड्या पेशींमध्ये पण ह्याच चिठ्ठ्या ठासून भरलेल्या असतात. पेशी फुटल्या तर त्या सगळ्या प्लाझ्मात येतात आणि आकडा उगाच फुगतो. त्यामुळे गुलाबी नको. अजिबात नको." फॉर्मवर त्यासाठी रकाना होता. रंग: स्वच्छ, किंचित गुलाबी, लाल. बघायचं आणि खूण करायची.

आयतूजी टेकाम मला याच कामात भेटले. झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, राहायचे. साठीचा माणूस, जन्मभर जंगलात बांबू तोडलेला. आता दहा पावलं चालले की दम लागायचा आणि पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. पहिल्या खेपेला मी त्यांना कॅल्शियम समजावू लागलो आणि म्हटलं, चुन्यात असतं तेच.

त्यांनी तंबाखू-चुन्याच्या खर्र्याची पुडी खिशात सारली. "म्हंजे मी चुना खाल्ला म्हणून झालं काय हे?"

"नाही हो, त्याचा याच्याशी संबंध नाही. खर्रा मात्र सोडाच."

"मंग चुन्याचं नाव कायले काढलं जी तुमी?"

समोर गोठा होता, तोच धरून सांगितलं. कॅल्शियम म्हणजे गुरं समजा. ठोका पडला की गुरं गोठ्यातून बाहेर, मग गुराखी त्यांना आत हाकलतो. तुमच्या हृदयात गुराखी कमी आहेत. गुरं बाहेरच भटकतात.

आयतूजी लहानपणी गुरं राखायचे. त्यांनी मान डोलावली. "आन् गुराखी कमी काहून?"

"गुराखी पाठवा म्हणून हुकूम निघतो. त्यावर कोणीतरी चिठ्ठी चिकटवतो. हुकूम कोणाला वाचताच येत नाही."

"अस्सं," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "घ्या रक्त. त्या चिठ्ठीवाल्याले धरा."

ही उपमा मी मृणालला सांगितली तर तिनं ती वहीत लिहून घेतली. मला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं.

त्यांची बायको जंगूबाई दारात उभी राहून ऐकत असायची. मृणालला तुलनेसाठी त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या निरोगी माणसांचंही रक्त हवं होतं. आजारी माणूस रक्त देतो, धडधाकट माणसाला पटवणं महाकठीण. जंगूबाईला मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मले काई झालं नाई. मी कायले देऊ? ज्याले झालं त्याचं न्या."

मी दर खेपेला गेलो की आयतूजी बाजेवरून विचारायचे, "युनूसभाऊ, सापडला काय तो चिठ्ठीवाला?" मी म्हणायचो, शोध चालू आहे. दुसऱ्या खेपेला पायाची सूज उतरलेली होती. तिसऱ्या खेपेला ते स्वतः चालत जीपपर्यंत मला सोडायला आले. मी मनातून खूश होतो.

चौथी खेप मे महिन्यात आली. आमच्याकडचा मे म्हणजे जीपचं दार उघडताना हाताला फडकं गुंडाळावं लागतं. आयतूजींची तब्येत पुन्हा ढासळली होती. मी दवाखान्यात न्यायचं म्हटलं. ते म्हणाले, "परवाच तं आलो तिथून. आता घरी राहू द्या." रक्त घेताना पहिल्यांदाच मला शीर दोनदा शोधावी लागली. जंगूबाई त्यांचा हात धरून बसली होती.

रक्त फिरवायचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात, म्हणजे तासाभराच्या रस्त्यावर होतं. तोवर ट्यूब गार ठेवायची. माझ्या पेटीतला बर्फ निम्म्या वाटेतच पाणी झाला. एका गावाचा आठवडी बाजार भरला होता, तिथं कुल्फीवाला दिसला. त्याला अडचण सांगितली तर त्यानं लाकडी पिंपात हात घालून ओंजळी भरभरून बर्फ माझ्या पेटीत टाकला. "न्या भाऊ. दवाखान्याचं काम हाय ना. हा बर्फ संध्याकाळलोक हालत नाई." त्यानं काही घेतलंही नाही. मी त्याला दुवा देत निघालो.

दवाखान्यात पेटी उघडली आणि ट्यूब उचलली तर ती बोटाला चिकटली. वर पांढरं भुरभुरीत हिम बसलेलं. मी बोट जिभेला लावलं. खारट.

कुल्फीच्या बर्फात खडेमीठ घालतात. मिठानं बर्फ साध्या बर्फाहून कितीतरी थंड होतो, म्हणून तर कुल्फी जमते. लहानपणापासून मी ते पिंप बघत आलो. आणि चौतीस वर्षं रक्त हाताळलेल्या माणसानं आयतूजींच्या रक्ताची कुल्फी करून आणली. कडेचं रक्त गोठलं होतं. ते वितळू दिलं, यंत्रात फिरवलं, खिडकीकडे धरलं. वरचं पाणी डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचं होतं.

परत जावं, पुन्हा रक्त घ्यावं, असं मनात आलं. पण तो हात आठवला, दोनदा टोचलेला. आज नको, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं ठरवलं. फॉर्म समोर होता. इतक्या वर्षांचा तो शब्द कुणी न म्हणता कानात आला, चालते. मी 'स्वच्छ' या शब्दासमोर खूण केली. पुढच्या आठवड्यात खरं रक्त मिळालं की हा फॉर्म फाडून टाकू, अशी मनाची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात आयतूजी गेले. पोडावरच्या आरोग्यसेविका आशाताईचा फोन आला, तेव्हा मी पेटी धूत होतो.

मी मृणालला ते गेल्याचं कळवलं. खुणेचं बोललो नाही. आता बोलून काय होणार, असं वाटलं. हेच माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट 'चालते'.

पावसाळा अर्धा सरला आणि एक दिवस तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता आणि त्याची तिला लाजही वाटत होती. "काका, टेकामांचा चौथा आकडा बघा. पहिला वर, मग उतरला, तिसरा अजून खाली, आणि जायच्या आधी एकदम आभाळाला भिडलाय. त्या चिठ्ठ्यांनी आधीच सांगितलं होतं, काका. माझ्या सगळ्या कामात असा दुसरा माणूस नाही. प्रबंधाचं मुख्य प्रकरण यांच्यावरच लिहिणार मी."

मी 'छान' म्हणालो. फोन ठेवला. गप्प राहिलो असतो तर कदाचित तिनंच पुढच्या तपासणीत पकडलं असतं. कदाचित नसतंही. मग माझी चूक छापून आली असती आणि कुठलातरी डॉक्टर ती खरी मानून बसला असता. राहून राहून अब्बांची ती बाटली डोळ्यासमोर येत होती.

दुसऱ्या सकाळी मी नागपूरची गाडी पकडली. हे फोनवर सांगायचं नव्हतं. मृणालला सगळं सांगितलं, कुल्फीवाला, मीठ, खूण. तिनं पडद्यावर ते चारही आकडे पुन्हा उघडले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, "काका, रकाना होता ना हो तिथं."

होता. लाल, असा रकाना माझ्यासाठीच होता. त्यात खूण केली असती तर एक ट्यूब वाया गेली असती, एवढंच. मी तिला म्हटलं, हवं तर मला कामावरून काढ. ती म्हणाली, "काढलं तर शीर कोण शोधणार?" पण त्या दिवशी तिनं मला चहा विचारला नाही. आयतूजींचा चौथा आकडा तिनं माझ्यासमोर खोडला. पहिले तीन ठेवले.

राहिली जंगूबाई. तिला काही सांगायची सक्ती नव्हती, तिनं फॉर्म कुठं बघितला होता? पण कापूस वेचणीच्या दिवसांत दुसऱ्या एका पेशंटसाठी त्याच बाजूला जायचं होतं आणि पोडावर न थांबता पुढं जाणं मला जमलं नाही.

ती अंगणात कापूस पसरत होती. मला बघून बाज टाकली, पाणी दिलं. आणि मी भीत होतो तोच प्रश्न पहिला आला.

"सापडला काय जी तो चिठ्ठीवाला? ते जाता जाता बी विचारून राह्यले होते."

"नाही सापडला," मी म्हणालो. "आणि त्यांच्या शेवटच्या रक्तानं मदत झाली असती, ती माझ्यामुळे झाली नाही." मग सगळं सांगितलं. दोनदा टोचून घेतलेलं रक्त माझ्या हातून नासलं आणि मी ते लपवलं, हेही सांगितलं. मान वर करवेना. माझी माफीची भाषा उर्दूत सुरू झाली आणि मराठीत येता येता अडकली.

जंगूबाई पसरलेल्या कापसातला काडीकचरा वेचत राहिली.

"मिठाचा बर्फ," ती म्हणाली.

"हो."

"आन् पयले तीन?"

"ते चांगले आहेत. ते मोजणीत आहेत. कायमचे राहतील."

"मंग समदं नाई गेलं त्यायचं," ती म्हणाली. हात झटकून उठली, बाजेवर माझ्या शेजारी बसली आणि बांगड्या मागं सारल्या. "ते चौथं तुमी सांडलं. आता माह्यं घ्या. मले काई झालं नाई, तसंच पाह्यजे होतं ना तुमाले?"

मी तिला पुन्हा नियमाप्रमाणे सगळं वाचून दाखवलं, हे रक्त आयतूजींच्या जागी जाणार नाही, निरोगी लोकांच्या यादीत जाईल. ती म्हणाली, "यादी एकच असन ना पण कागदाची?" मी म्हटलं, कागद एकच. तिनं अंगठा दिला.

पहिल्याच टोचण्याला शीर मिळाली. पेटीत साधा बर्फ होता, वर जाड फडकं, त्यावर ट्यूब. वाटेत बाजार लागला, कुल्फीवाल्यानं हात केला, मी लांबूनच सलाम केला आणि जीप थांबवली नाही.

दवाखान्यात ट्यूब फिरवली, खिडकीशी गेलो, उन्हाकडे धरली. अब्बा बघायचे तेवढा वेळ बघितलं. तिळाचं तेल. तशीच हातात धरून मी आशाताईला फोन लावला आणि म्हटलं, जंगूबाईला सांगा, रक्त अगदी स्वच्छ निघालं.

पलीकडं बोलण्याचा आवाज आला, मग आशाताई म्हणाली, "त्या विचारून राह्यल्या, आज मीठ नाई टाकलं काय युनूसभाऊनं."

मी हसलो आणि माझे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. मग चष्मा पुसून फॉर्म पुढे ओढला आणि 'स्वच्छ' समोर खूण केली.